१९१८ ची युद्धतहकुबी आणि १९४५ ची शरणागती : पराभवावरील स्वाक्षरीचा प्रश्न

विसाव्या शतकातील दोन महायुद्धे कशी सुरू झाली, या प्रश्नावर इतिहासकारांनी विपुल लेखन केले आहे. ती संपली कशी, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. युद्धाचा आरंभ हा निर्णयाचा क्षण असतो, शेवट मात्र रणांगणावरील बलाबलाने आपोआप ठरतो, अशी एक समजूत यामागे असावी. पराभव रणांगणावर होतो हे खरे. परंतु तो कोणी कबूल करावयाचा, कोणाच्या हाताने कागदावर उतरवावयाचा आणि पराभूत राष्ट्राच्या जनतेला तो कोणाच्या मुखाने कळावयाचा, हे प्रश्न रणांगणावर सुटत नाहीत. ते माणसे सोडवितात, आणि ज्या रीतीने ती ते सोडवितात तिचे परिणाम पुढील पिढीला भोगावे लागतात.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे उत्तर फ्रान्समधील काँपिएन्यच्या अरण्यात युद्धतहकुबीच्या करारावर सह्या झाल्या. जर्मन शिष्टमंडळाचा प्रमुख मातिआस एर्झबर्गर हा सेनापती नव्हता. तो राईशटागचा, म्हणजे जर्मन लोकसभेचा, सभासद होता. ८ मे १९४५ च्या रात्री बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्ट उपनगरात बिनशर्त शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या, तेव्हा जर्मनीच्या बाजूने सही करणारे तिघेही सेनाधिकारी होते. त्यांत एकही मुलकी व्यक्ती नव्हती. या दोन स्वाक्षऱ्यांतील भेदाचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

(१)

१९१८ च्या वसंत ऋतूत जर्मनीची बाजू दुबळी दिसत नव्हती. ३ मार्च रोजी झालेल्या ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहाने रशिया युद्धातून बाहेर पडला होता आणि पूर्वेकडील बरेच सैन्य पश्चिम आघाडीवर आणणे जर्मनांना शक्य झाले होते. या वेळी सर्वोच्च सेनाकार्यालयाचा नामधारी प्रमुख फील्ड मार्शल हिंडेनबर्ग हा होता. परंतु योजना आखणारी बुद्धी जनरल लुडेन्डॉर्फ याची होती. अमेरिकन सैन्य पुरतेपणी फ्रान्समध्ये येऊन पोहोचण्यापूर्वी निकाल लावावा, या हेतूने त्याने २१ मार्च रोजी मोठी चढाई आरंभिली. जुलैच्या मध्यापर्यंत अशा एकूण पाच चढाया झाल्या. नकाशावर जर्मन सेना पुढे सरकली. पण मिळालेला मुलूख निर्णायक महत्त्वाचा नव्हता, आणि त्यासाठी खर्ची पडलेली अनुभवी माणसे पुन्हा उभी करणे शक्य नव्हते. उलट पक्षी अमेरिकन सैनिक त्या उन्हाळ्यात दरमहा अडीच लाखांच्या आसपास फ्रान्सच्या बंदरांत उतरत होते.

१८ जुलैला फ्रेंचांनी मार्न नदीच्या परिसरात प्रतिहल्ला केला. ८ ऑगस्टला आमियाँ शहराच्या पूर्वेस ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन व फ्रेंच फौजांनी ४०० हून अधिक रणगाड्यांसह जो हल्ला चढविला, त्यात एका दिवसात जर्मनांचे सुमारे २७,००० सैनिक मारले गेले, जखमी झाले वा कैद झाले. लुडेन्डॉर्फने पुढे आपल्या आठवणींत हा जर्मन सेनेचा काळा दिवस ठरविला. त्याला धक्का बसला तो गमावलेल्या भूमीमुळे नव्हे. सैनिक टोळ्याटोळ्यांनी शस्त्रे खाली ठेवू लागले होते, ही वार्ता त्याला अधिक बोचली. सेनेची लढण्याची इच्छाच सरत चालली आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

सप्टेंबरच्या अखेरीस हा निष्कर्ष टाळता येण्यासारखा राहिला नाही. २९ सप्टेंबर या एकाच दिवशी तीन गोष्टी घडल्या. सालोनिका येथे बल्गेरियाने युद्धतहकुबीवर सही करून जर्मनीची साथ सोडली. फ्रान्समध्ये सँ-काँतँच्या कालव्याजवळ दोस्तांच्या फौजांनी हिंडेनबर्ग तटबंदीला खिंडार पाडले. आणि बेल्जममधील स्पा या गावी, सेनाकार्यालयाच्या मुक्कामी, हिंडेनबर्ग व लुडेन्डॉर्फ यांनी परराष्ट्रमंत्री हिन्त्से व कैसर विल्हेल्म यांना सांगितले की, तहकुबीची मागणी तत्काळ केली पाहिजे.

या तारखेचे महत्त्व विशेष आहे. २९ सप्टेंबरला जर्मनीत क्रांती झालेली नव्हती. आरमाराचे बंड पुकारले गेले नव्हते. लोकसभेने सेनेचा हात आखडलेला नव्हता. जर्मन नौसैनिकांचे बंड ऑक्टोबरच्या अखेरीस व्हिल्हेल्म्सहाफेन येथे सुरू झाले व नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कील बंदरात भडकले. प्रजासत्ताकाची घोषणा ९ नोव्हेंबरला झाली. म्हणजे सेनापतींनी युद्ध हरल्याची कबुली दिल्यानंतर एक महिन्याने हा उठाव झाला. जी दंतकथा पुढे कोट्यवधी लोकांनी खरी मानली, तिचे खंडन करण्यास हा घटनाक्रम एकटाच पुरेसा आहे. तरीही ती दंतकथा टिकली. ती का टिकली हे समजून घ्यावयाचे तर पुढील सहा आठवड्यांकडे पाहिले पाहिजे.

(२)

स्पा येथील बैठकीत तहकुबीच्या मागणीबरोबर आणखी एक गोष्ट ठरली. जर्मनीत लोकसभेला जबाबदार असे मंत्रिमंडळ स्थापन करावे, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्याकडून सौम्य अटी मिळतील, असे हिन्त्सेने सुचविले व सेनापतींनी ते मान्य केले. ज्या लोकशाही सुधारणेला सेनेचा व राजदरबाराचा चार वर्षे विरोध होता, ती एका दिवसात वरून देण्यात आली.

यामागे केवळ विल्सनला प्रसन्न करण्याचा विचार नव्हता. सेनाकार्यालयातील एक अधिकारी आल्ब्रेख्त फोन थेअर याची रोजनिशी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. १ ऑक्टोबरला लुडेन्डॉर्फने आपल्या अधिकाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाची नोंद तीत आहे. सेनेची शक्ती संपली आहे व अंतिम पराभव अटळ आहे, असे सांगून त्याने पुढे असे म्हटले की, ज्या राजकीय वर्तुळांमुळे ही स्थिती ओढवली त्यांनाच आता सरकारात आणण्याची विनंती कैसरला केली आहे. तह करावयाचा तो त्यांनीच करावा, आणि जे त्यांनी शिजविले ते त्यांनीच खावे. पराभव जाहीर होण्यापूर्वीच त्याच्या जबाबदारीचे हस्तांतर झाले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

दुसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, सेनाकार्यालयाचा प्रतिनिधी मेजर फोन डेम बुशे याने बर्लिनमध्ये पक्षनेत्यांना खरी परिस्थिती सांगितली. चार वर्षे हे नेते व त्यांचे मतदार विजयाची वार्तापत्रे वाचीत आले होते. वृत्तपत्रांवरील लष्करी नियंत्रण कडक होते. जर्मन सेना अद्याप फ्रान्स व बेल्जमच्या भूमीवर उभी होती. पूर्वेकडे तर ती युक्रेनपर्यंत पसरली होती. अशा वेळी युद्ध हरले आहे हे ऐकून सभागृहात स्तब्धता पसरली. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा नेता फ्रीड्रिख एबर्ट याचा चेहरा पांढराफटक पडल्याची नोंद आहे.

नवा चॅन्सेलर राजपुत्र माक्स हा तहकुबीची घाई करू नये अशा मताचा होता. मागणी एकाएकी केली तर ती शरणागतीची कबुलीच ठरेल, असे त्याचे म्हणणे. त्याने सेनाकार्यालयाकडे लेखी मत मागितले. हिंडेनबर्गने ३ ऑक्टोबरच्या पत्रात तहाचा प्रस्ताव ताबडतोब पाठविण्याचा आग्रह कायम ठेवला. त्या रात्री विल्सनकडे विनंतिपत्र गेले. त्याखाली चॅन्सेलरचे नाव होते. पत्र लिहावयास लावणारी माणसे एक आणि पत्राखाली सही करणारा दुसरा, ही रीत येथून सुरू झाली.

विल्सनची उत्तरे ८, १४ व २३ ऑक्टोबरला आली आणि प्रत्येक वेळी अटींचा सूर कठोर होत गेला. शेवटच्या पत्रात त्याने असे बजावले की, जर्मनीच्या लष्करी सूत्रधारांशी व राजेशाहीशीच व्यवहार करावयाचा असेल तर वाटाघाटी होणार नाहीत, शरणागतीच मागावी लागेल. यातून एक विपरीत परिणाम घडला. विल्सनला लोकप्रतिनिधींशी बोलावयाचे होते. म्हणूनच लोकप्रतिनिधी पुढे आले आणि सेनापती मागे सरले. जर्मन लोकशाहीला तिच्या जन्माच्या वेळीच पराभवाचे ओझे उचलावे लागले, यात विजेत्यांच्या सदिच्छेचाही वाटा आहे, ही गोष्ट नमूद केली पाहिजे.

दरम्यान सेनाकार्यालयाने पवित्रा बदलला. २४ ऑक्टोबरच्या आज्ञापत्रात विल्सनच्या अटी सैनिकाला स्वीकारण्याजोग्या नाहीत व प्रतिकार चालू ठेवावा असे सैन्याला कळविण्यात आले. ज्याने चार आठवड्यांपूर्वी एक दिवसाचाही विलंब नको म्हटले होते, तोच आता लढण्याची भाषा बोलू लागला. २६ ऑक्टोबरला लुडेन्डॉर्फला पदमुक्त करण्यात आले व त्याच्या जागी जनरल ग्रोनर आला. हिंडेनबर्ग आपल्या जागी राहिला. लुडेन्डॉर्फ पुढे वेषांतर करून स्वीडनला निघून गेला. पदमुक्तीने त्याचा एक फायदा झाला : तहकुबीवर सही होताना तो कोठेच नव्हता.

(३)

तहकुबीच्या शिष्टमंडळाचे प्रमुखपद आरंभी जनरल फोन ग्युन्डेल या सेनाधिकाऱ्याकडे जावयाचे होते. ऐन वेळी ही योजना बदलून एर्झबर्गरची नेमणूक झाली. निरोप देताना हिंडेनबर्गने असा शेरा मारला की, सैनिकांऐवजी राजकारणी पुरुषांनी तहकुबी करण्याचा जगाच्या इतिहासातील हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा. तथापि त्याला याविषयी हरकत नव्हती. ग्रोनरने तर नंतर आपल्या आठवणींत मोकळेपणाने कबूल केले की, या दुर्दैवी वाटाघाटींपासून सेना व सेनाकार्यालय जितके अलिप्त राहील तितके त्याला हवेच होते.

एर्झबर्गर हा कॅथलिक सेंटर पक्षाचा नेता. १९१४ मध्ये तो मुलूखविस्ताराचा पुरस्कर्ता होता. पण पुढे त्याचे मत पालटले आणि जुलै १९१७ मध्ये राईशटागने संमत केलेल्या शांततेच्या ठरावामागे त्याचीच प्रेरणा होती. ८ नोव्हेंबरला सकाळी तो दोस्तांचा सरसेनापती मार्शल फॉश याच्या रेल्वेडब्यात दाखल झाला. त्याच्याबरोबर परराष्ट्र खात्याचा काउंट ओबर्नडॉर्फ, मेजर-जनरल फोन विंटरफेल्ड व नौदलाचा कॅप्टन व्हानझेलो हे होते. दोघे सैनिक होते खरे, परंतु ज्यांच्या हाती युद्धाची सूत्रे होती त्यांपैकी कोणीही त्या डब्यात नव्हता.

फॉशने वाटाघाटी करण्याचे नाकारले. अटी वाचून दाखविण्यात आल्या व उत्तरासाठी ७२ तासांची मुदत देण्यात आली. फ्रान्स व बेल्जममधून १५ दिवसांत माघार, ऱ्हाइनच्या पश्चिम तीरावरील जर्मन प्रदेश खाली करणे, ५,००० तोफा, ५,००० आगगाडीची एंजिने व दीड लाख डबे स्वाधीन करणे, आणि तरीही आरमारी नाकेबंदी चालूच राहणे, असे या अटींचे स्वरूप होते. एर्झबर्गरच्या रदबदलीने काही आकडे कमी झाले : मशीनगनांची संख्या ३०,००० वरून २५,००० वर व विमानांची २,००० वरून १,७०० वर आली. मुदत संपण्यापूर्वी कैसरने देश सोडला, बर्लिनमध्ये प्रजासत्ताक आले, आणि एबर्ट सरकारचा प्रमुख झाला. १० नोव्हेंबरला हिंडेनबर्गची तार आली. तिचा मथितार्थ असा की, अटी सौम्य करून घेण्याचा प्रयत्न करावा, पण तो न साधला तरी सही करावी. ११ नोव्हेंबरला पहाटे पाच वाजून गेल्यावर सह्या झाल्या आणि सकाळी अकरा वाजता पश्चिम आघाडीवरील तोफा थांबल्या.

दोस्तांच्या बाजूनेही या तहकुबीविषयी एकमत नव्हते. अमेरिकन सेनापती पर्शिंग याने ३० ऑक्टोबरला बिनशर्त शरणागतीचा आग्रह धरला होता. फॉशचे मत निराळे होते. युद्ध हे इच्छित फल मिळविण्यासाठी करावयाचे. ते फल तहकुबीच्या अटींनी मिळत असेल तर आणखी रक्त सांडण्याचा अधिकार कोणासही नाही, असे तो मानीत असे. आज मागे वळून पाहताना पर्शिंग दूरदर्शी होता असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ज्या सेनांनी चार वर्षे खंदकांत काढली होती, त्यांना आणखी एक हिवाळा लढावयास लावणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. फॉशचा निर्णय मानवी दृष्टीने समर्थनीय होता. त्याची राजकीय किंमत मात्र त्या क्षणी कोणालाच दिसली नाही.

(४)

ती किंमत लवकरच दिसू लागली. १० डिसेंबर १९१८ रोजी परतणाऱ्या सैन्याचे बर्लिनमध्ये स्वागत करताना एबर्टने, तुम्हाला कोणत्याही शत्रूने जिंकलेले नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. थकल्याभागल्या सैनिकांचे सांत्वन करावे आणि डळमळत्या प्रजासत्ताकाला त्यांचा पाठिंबा मिळवावा, हा त्याचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु शत्रूने जिंकले नाही तर मग पराभव कोणी केला, हा प्रश्न त्या वाक्यातच दडलेला होता आणि त्याचे उत्तर देण्यास दुसरे लोक तयारच होते.

१८ नोव्हेंबर १९१९ रोजी राष्ट्रीय सभेच्या चौकशी समितीपुढे हिंडेनबर्गने साक्ष दिली. एका इंग्रज सेनापतीच्या नावावर घालून त्याने असे विधान केले की, जर्मन सेनेच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. ज्या जनरल मॉरिसकडे या उद्गाराचे जनकत्व दिले गेले, त्याने आपण असे म्हटल्याचा इन्कार केला. त्याचा उपयोग झाला नाही. राष्ट्राच्या सर्वांत आदरणीय वृद्ध सेनानीने शपथेवर सांगितलेली गोष्ट सामान्य माणसाने का नाकारावी? शिवाय ज्याने आपल्या गावावरून शत्रूची पलटण जाताना पाहिली नव्हती, ज्याचा मुलगा परक्या भूमीवर उभा असतानाच युद्ध थांबले होते, त्याला पराभवाचा प्रत्यक्ष पुरावा कोठे मिळाला होता? त्याच्यासमोर होती ती एक सही, आणि ती सही सेनापतीची नव्हती. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर हेर्मान म्युलर व योहानेस बेल या दोन मुलकी मंत्र्यांनी सह्या केल्या, तेव्हा हे चित्र पुरे झाले.

सही करणाऱ्याची गत काय झाली? एर्झबर्गर अर्थमंत्री झाला व त्याने जर्मनीच्या करपद्धतीची मूलगामी फेररचना केली. उजव्या गटांचा पुढारी हेल्फरिख याने त्याच्याविरुद्ध कडवट मोहीम चालविली. बदनामीच्या खटल्याच्या काळात, जानेवारी १९२० मध्ये, त्याच्यावर गोळी झाडण्यात आली व तो जखमी झाला. खटल्यात हेल्फरिखला किरकोळ दंड झाला, पण एर्झबर्गरला मंत्रिपद सोडावे लागले. २६ ऑगस्ट १९२१ रोजी काळ्या अरण्यातील ग्रीसबाखजवळ तो फिरावयास गेला असता दोन माजी अधिकाऱ्यांनी त्याचा खून केला. दोघेही परदेशी पळाले. १९३३ मध्ये त्यांना माफी मिळाली. त्यांना शिक्षा झाली ती दुसरे महायुद्ध संपल्यानंतर. एबर्टलाही स्वस्थता लाभली नाही. डिसेंबर १९२४ मध्ये माग्डेबुर्गच्या न्यायालयाने, जानेवारी १९१८ च्या संपातील सहभागामुळे त्याने कायद्याच्या दृष्टीने देशद्रोह केला होता, असा निर्वाळा दिला. दोन महिन्यांनी, २८ फेब्रुवारी १९२५ रोजी, तो वारला. त्याच्या जागी राष्ट्राध्यक्ष म्हणून जनतेने निवडले ते हिंडेनबर्गला. पराभवाची मागणी करणारा अशा रीतीने सर्वोच्च पदी बसला, आणि ३० जानेवारी १९३३ रोजी त्यानेच हिटलरला चॅन्सेलर नेमले.

येथे अतिव्याप्तीचा दोष टाळला पाहिजे. प्रजासत्ताकाचा नाश केवळ एका दंतकथेने झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९२३ ची चलनवाढ, १९२९ नंतरची मंदी व बेकारी, व्हर्सायच्या अटींविषयीचा रोष, पक्षांमधील फाटाफूट या सर्वांचा त्यात भाग आहे. परंतु ही संकटे अन्य राज्यांवरही कमीअधिक प्रमाणात आली. जर्मन प्रजासत्ताकाची विशेष दुर्बलता ही की, त्याचा जन्मच विश्वासघातातून झाला, असे त्याच्या नागरिकांपैकी फार मोठा वर्ग मानीत होता. संकटाच्या काळी ज्या राज्याच्या पाठीशी उभे राहावे असे लोकांना वाटत नाही, ते राज्य अल्प धक्क्यानेही कोसळते.

(५)

दुसऱ्या महायुद्धात १९१८ ची ही स्मृती दोन्ही पक्षांच्या मनात जागी होती. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवरील आक्रमणाचे समर्थन करताना हिटलरने, नोव्हेंबर १९१८ ची पुनरावृत्ती जर्मनीच्या इतिहासात कदापि होणार नाही, अशी ग्वाही दिली. २२ जून १९४० रोजी फ्रान्सला शरण यावे लागले तेव्हा काँपिएन्यचा तोच रेल्वेडबा संग्रहालयातून काढून त्याच जागी आणण्यात आला. या वेळी हिटलरने फ्रान्सच्या बाजूने जनरल हुंट्सिजे याला सही करावयास लावली, हा तपशील लक्षणीय आहे.

दोस्तांनी काढलेला बोध निराळा होता. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांका येथे झालेल्या परिषदेच्या अखेरीस, २४ तारखेला, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चर्चिल यांच्या उपस्थितीत बिनशर्त शरणागतीचे धोरण घोषित केले. पुढेही त्यांनी याचे कारण देताना १९१८ चा दाखला दिला : मागील वेळी आपण शरण गेलोच नव्हतो असे बहुतेक जर्मन म्हणतात, या वेळी त्यांना तसे म्हणता येऊ नये. म्हणजे पर्शिंगचे मत २५ वर्षांनी राज्यकारभाराचे सूत्र बनले.

या धोरणावर त्या काळी व नंतरही टीका झाली. हिटलरविरोधी जर्मन गटांना त्याने वाटाघाटीची आशा ठेवली नाही आणि गोबेल्सच्या प्रचाराला आयते साधन दिले, हे आक्षेप निराधार नाहीत. युद्धाच्या अखेरच्या काळातील संहार भयंकर होता. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या जर्मन सैनिकांपैकी निम्म्याच्या आसपास जुलै १९४४ नंतरच्या १० महिन्यांत मेले. परंतु या लांबणीचे सर्व उत्तरदायित्व कासाब्लांकाच्या घोषणेवर टाकणे योग्य नव्हे. पुन्हा १९१८ घडू द्यावयाचे नाही हा हिटलरचा हट्ट, आणि शरणागतीचा शब्द काढणाऱ्याला फाशी देणारी त्याची राजवट, ही मुख्य कारणे होत. एका बाजूला शरणागती नको म्हणून युद्ध चालू होते आणि दुसऱ्या बाजूला शरणागतीवाचून काहीच नको म्हणून. पहिल्या युद्धाच्या शेवटाविषयी पसरविलेल्या एका असत्याने दुसऱ्या युद्धाचा शेवट असा दोन्हीकडून लांबविला.

अखेर ७ मे १९४५ रोजी पहाटे रीम्स येथे आयझेनहॉवरच्या मुख्यालयात जनरल योड्ल याने शरणागतीवर सही केली. सोव्हिएट सरकारचे यावर समाधान झाले नाही. आक्रमणाचे जे केंद्र त्या बर्लिनमध्येच, आणि जर्मन सेनेच्या श्रेष्ठ अधिकाऱ्यांच्या हातूनच, हा विधी झाला पाहिजे असा त्याचा आग्रह होता. त्यानुसार ८ मेच्या रात्री कार्ल्सहोर्स्ट येथे मार्शल झूकॉव्ह व एअर चीफ मार्शल टेडर यांच्यासमोर सेनेच्या वतीने फील्ड मार्शल कायटेल, आरमाराच्या वतीने अॅडमिरल फोन फ्रीडेबुर्ग आणि वायुदलाच्या वतीने जनरल श्टुम्फ यांनी सह्या केल्या. दस्तऐवजात जर्मन सरकारचा नव्हे, जर्मन सेनाकार्यालयाचा निर्देश होता. यास एक व्यावहारिक कारणही होते : हिटलरच्या मृत्यूनंतर उरलेल्या डोनित्सच्या सरकारला दोस्तांनी मान्यता दिलेली नव्हती, आणि २३ मे रोजी त्याला अटकच झाली. परंतु परिणाम एवढाच की, पुढे पश्चिम जर्मनीत जे लोकशाही सरकार १९४९ मध्ये आले, त्याच्या कोणाही पुढाऱ्याला शरणागतीच्या कागदाखाली आपले नाव लिहावे लागले नव्हते. आडेनाउअरला एर्झबर्गरचे भागधेय आले नाही.

जपानच्या बाबतीत या प्रश्नाची तिसरी उकल दिसते. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात मिझूरी या युद्धनौकेवर परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू याने सम्राट व सरकारच्या वतीने, आणि जनरल उमेझू याने सेनाकार्यालयाच्या वतीने, एकाच दस्तऐवजावर सह्या केल्या. मुलकी व लष्करी या दोन्ही सत्तांनी पराभव शेजारी शेजारी उभे राहून मान्य केला.

(६)

एवढ्यावरून योग्य माणसाची सही घेतली की असत्याला जागा उरत नाही, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. १९४५ नंतर जर्मनीत पाठीतल्या खंजिराची कथा पुन्हा मूळ धरू शकली नाही, हे खरे. परंतु तिच्या जागी दुसरी एक कथा आली. युद्धाचे सर्व दोष हिटलरचे, आणि सेना मात्र निष्कलंक, असे चित्र माजी सेनापतींनी आपल्या आठवणींतून रंगविले. जनरल हाल्डर याने तर अनेक वर्षे अमेरिकन सैन्याच्या इतिहास विभागासाठी काम केले. मानश्टाइनचे आत्मसमर्थन १९५५ मध्ये आले व त्याला मोठा वाचकवर्ग लाभला. पूर्वेकडील हत्याकांडांत जर्मन सेनेचा किती प्रत्यक्ष भाग होता, हे दाखविणारे प्रदर्शन १९९५ मध्ये हाम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने भरविले, तेव्हा ५० वर्षे उलटूनही केवढा गदारोळ झाला, हे त्या काळच्या वृत्तपत्रांत पाहावयास मिळते. सही पराभव कोणाचा हे सांगते. अपराध कोणाचा हे सांगण्यास ती अपुरी पडते.

तथापि या दोन शेवटांच्या तुलनेतून एक गोष्ट निश्चित निघते. १९१८ मध्ये जर्मन जनतेपासून युद्धाचे सत्य चार वर्षे लपविले गेले. ते उघड करण्याची वेळ आली तेव्हा लपविणारे बाजूला झाले आणि ज्यांना स्वतःलाही ते आदल्या दिवशीच कळले होते अशांना पुढे करण्यात आले. निर्णय घेणारा आणि निर्णयाची जबाबदारी वाहणारा यांची अशी फारकत झाली की लोकशाहीचा पायाच पोखरला जातो, कारण ज्याच्या हाती सत्ता त्याच्या माथी जबाबदारी, याच तत्त्वावर ती उभी असते. लुडेन्डॉर्फने ऑक्टोबर १९१८ मध्ये रणांगणावरील एकही लढाई जिंकली नाही. परंतु जबाबदारी टाळण्याची जी लढाई त्याने खेळली, तीत तो पुढील १५ वर्षे विजयी ठरला, आणि त्या विजयाची किंमत युरोपने १९३९ ते १९४५ या काळात चुकती केली.

युद्धांची कारणे शोधणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच मागील युद्धाच्या शेवटच्या पानापासून आरंभ करावा. त्या पानावर कोणत्या अटी लिहिल्या आहेत हे तर पाहावेच. त्या खाली कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, तेही पाहावे. काँपिएन्यच्या कागदावर जे नाव नव्हते, त्याचा शोध घेतल्यावाचून १९३३ चा उलगडा पुरा होत नाही.